पेशीत शिरणारी वाट कोणाच्या मालकीची?



हळदीच्या पेटंटची हकिगत महाराष्ट्रात नव्याने सांगायची गरज नाही. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत ते पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे महासंचालक झाले. संस्थेने आव्हान दिलं, बत्तीस जुने संदर्भ पुढे ठेवले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा ऐकलेलं आहे. पण त्या पेटंटात मागितलं काय होतं, हे विचारलं तर बहुतेक लोक सांगतात, ‘हळद’. तसं नव्हतं. मागितली होती ती रीत: जखम झालेल्या रुग्णाला पुरेशा प्रमाणात हळदीची पूड द्यायची आणि जखम भरून आणायची. म्हणजे ते उपचार-पद्धतीचं पेटंट होतं. ते कोसळलं ते त्यात नवं काहीच नव्हतं म्हणून. उपचाराची रीत कोणाच्या मालकीची असू शकते का, हा मुद्दा तिथे निघालाच नाही, कारण अमेरिकेत ती असू शकते.

हाच अर्ज भारतात आला असता, तर बत्तीस संदर्भ शोधत बसायची वेळच आली नसती. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला ‘शोध’ म्हणायचं नाही याची यादी आहे. त्यातलं (आय) हे उपकलम सांगतं की माणसावरच्या औषधी, शस्त्रक्रियेच्या, रोगनिवारक, रोगप्रतिबंधक, निदानाच्या किंवा उपचाराच्या प्रक्रियेवर पेटंट मिळणार नाही. निदान आणि उपचार यांचा स्पष्ट उल्लेख २००२ च्या दुरुस्तीने आला, बाकीचं मूळचंच. याच यादीतलं ३(डी) नोव्हार्टिसच्या खटल्याच्या निकालानंतर, १ एप्रिल २०१३ ला, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेलं. ३(आय) बिचारं कधी गाजलं नाही. मला आज बोलायचं आहे ते या न गाजलेल्या उपकलमाबद्दल, आणि त्याचा हात जिथे पोचत नाही अशा एका उपचाराबद्दल.

आधी हा नियम आला कुठून ते थोडक्यात पाहू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला शुद्धीबाहेर नेलं आणि शस्त्रक्रिया विनावेदना पार पडली. महिनाभराच्या आत त्याने चार्ल्स जॅक्सनबरोबर त्या रीतीचं पेटंट घेतलं. ईथर ओळखू येऊ नये म्हणून त्यात रंग-सुगंध मिसळून त्याने त्याला ‘लेथिऑन’ असं नावही दिलं होतं. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हे पेटंट मोडीत काढलं. त्यानंतरही अमेरिकेत उपचार-पद्धतींवर पेटंट मिळतच राहिली, आणि कोणी डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरवर खटला भरत नाही तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही. १९९० च्या दशकात तेही झालं. अ‍ॅरिझोनाच्या सॅम्युएल पॅलिन या नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाके न घालता बंद होणाऱ्या छेदाच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि व्हरमाँटच्या जॅक सिंगर या नेत्रतज्ज्ञाला न्यायालयात खेचलं. वैद्यकीय संघटना खवळल्या. १९९६ मध्ये काँग्रेसने कायद्यात सूट घातली: डॉक्टरने वैद्यकीय कृती करताना पेटंटचा भंग केला, तरी त्याच्याकडून किंवा त्याच्या रुग्णालयाकडून भरपाई मागता येणार नाही.

इथे एक बारीक अक्षरातली ओळ आहे, आणि माझ्या मते आजच्या विषयाचं मूळ तिथेच आहे. या सुटीतून काय वगळायचं तेही त्याच कलमात लिहिलं आहे. त्यात ‘जैवतंत्रज्ञानाच्या पेटंटचा भंग करणारी प्रक्रिया’ हे शब्द आहेत. छेद घेणारा नेत्रतज्ज्ञ सुटला. पेशींवर प्रक्रिया करणारा डॉक्टर सुटला नाही. १९९६ मध्ये पेशींवर प्रक्रिया करणारे डॉक्टर होते तरी किती! पण ती ओळ ज्यांनी घालून घेतली, त्यांना पुढचं दिसत होतं.

आता पेशींकडे वळतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण शरीरातलं हे काम समजल्याशिवाय पेटंटमधलं भांडण समजत नाही.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत एक वेगळीच पेशी पाहिली. तिला झाडासारख्या फांद्या होत्या, म्हणून तिचं नाव डेंड्रायटिक पेशी. अनेक वर्षं सहकाऱ्यांचा यावर विश्वास बसला नाही. हळूहळू लक्षात आलं की शरीरात काही परकं आलं की ते उचलायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे आपल्या अंगावर मांडून टी-पेशींना दाखवायचे, हे काम ती सर्वांत चांगलं करते. या तुकड्यांना, म्हणजे ज्यांच्यामुळे प्रतिकार जागा होतो त्या रेणूंना, प्रतिजन किंवा अँटिजेन म्हणतात. स्टाइनमनना २०११ चं नोबेल जाहीर झालं ३ ऑक्टोबरला. त्यांचं निधन झालं होतं ३० सप्टेंबरला. समितीला ते माहीत नव्हतं, आणि निर्णय कायम राहिला. त्यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. त्यांनी स्वतःच्याच डेंड्रायटिक पेशींच्या लसी घेतल्या. एका लसीत पेशींना त्यांच्याच गाठीतलं आरएनए दिलं होतं, दुसरीत पेप्टाइडचे तुकडे. ते साडेचार वर्षं जगले. लसींमुळे जगले का, हे एका माणसावरून कोणी सांगू शकत नाही, आणि तेही सांगत नसत.

आरएनए आणि पेप्टाइड, अशा दोन वेगळ्या रीती का? कारण पेशीत प्रतिजन कुठल्या वाटेने शिरला यावर पुढचं सगळं ठरतं. पेशीने बाहेरचा पदार्थ गिळला, तर तो एका पिशवीत बंद होऊन आत जातो, तिथेच पचतो आणि त्याचे तुकडे एमएचसी-२ नावाच्या रेणूवर चढून पृष्ठभागावर येतात. ते पाहतात सीडी-४ प्रकारच्या, म्हणजे मदतनीस टी-पेशी. पण प्रतिजन पेशीच्या मूळ द्रवात, म्हणजे सायटोसोलमध्ये असेल, तर प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतो, ते एमएचसी-१ वर चढतात आणि सीडी-८ प्रकारच्या टी-पेशींना दिसतात. गाठीतल्या पेशी मारायच्या तर मुख्यतः या सीडी-८ लागतात. डेंड्रायटिक पेशी गिळलेला काही माल दुसऱ्या वाटेवरही वळवू शकते, पण सगळ्या पेशींना ते नीट जमत नाही. बी-पेशी, ज्या रक्तात सहज मिळतात, त्या यात फारच कच्च्या. त्यामुळे गेली तीस वर्षं प्रयोगशाळांमधला खटाटोप एकाच गोष्टीसाठी चालला आहे: प्रतिजन पिशवीत अडकू न देता थेट सायटोसोलमध्ये कसा पोचवायचा.

मग रीती निघत गेल्या. सर्वांत साधी म्हणजे पेशी प्रतिजनाच्या द्रावणात नुसत्या ठेवायच्या. स्टॅनफर्डमध्ये १९९६ साली लिम्फोमाच्या चार रुग्णांवर असा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात प्रतिजन त्यांच्याच गाठीतलं प्रथिन होतं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात एली गिल्बोआंच्या गटाने प्रथिन न देता प्रथिनाची पाककृती, म्हणजे आरएनए, पेशीला दिलं. पुढे विजेच्या एका क्षणिक झटक्याने पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडून हे आरएनए आत घालता येऊ लागलं. एमआयटीमध्ये आर्मन शरेई, क्लाव्स जेन्सन आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटाने २०१३ मध्ये आणखी एक रीत मांडली. सिलिकॉनच्या चिपवर पेशीच्या व्यासाहूनही अरुंद वाटा कोरायच्या आणि पेशी दाबाने त्यातून पुढे ढकलायच्या. पिळून निघताना आवरणाला क्षणभर फटी पडतात, सभोवतालच्या द्रवातला प्रतिजन आत शिरतो आणि फटी मिटतात. २०१५ मध्ये डॅरेल अर्विन यांच्या प्रयोगशाळेने बी-पेशी अशा पिळून, प्रतिजन सायटोसोलमध्ये घालून, उंदरांमध्ये सीडी-८ पेशी जाग्या केल्या. वर ज्यांना कच्च्या म्हटलं, त्याच बी-पेशी. पिशवीची वाट टाळली की त्यांना काम जमलं.

ही रीत पाहून पेटंटच्या क्षेत्रातला माणूस आधी एकच प्रश्न विचारतो: यात नवं काय? १९९२ मध्ये क्लार्क आणि मॅकनील यांनी दाखवलं होतं की पेशींचं द्रावण इंजेक्शनच्या सुईतून वारंवार आत-बाहेर केलं तर मोठे रेणू पेशींच्या आत शिरतात. म्हणजे ‘पेशी अरुंद जागेतून जाताना तिच्या आवरणाला इजा होते आणि बाहेरचं काही आत येतं’ हे ज्ञान आधीच सार्वजनिक होतं. नवं आहे ते त्या अरुंद वाटेची मापं, लांबी, वेग, दाब आणि त्यातून येणारी खात्री, की बहुतेक पेशी मरणार नाहीत आणि बहुतेकींत माल पोचेल. हे खरंच मोलाचं आहे. पण या क्षेत्रातल्या दाव्यांची भाषा साधारण अशी असते: पेशी अशा अरुंदीतून न्यावी की ‘प्रतिजन आत जाण्याइतकी मोठी’ फट तिला पडेल. इथे निष्पत्तीनेच रीतीची व्याख्या केली आहे. उद्या दुसऱ्या कोणी वेगळ्या मापाची, वेगळ्या आकाराची, वेगळ्या पदार्थाची वाट काढली आणि प्रतिजन आत गेला, तर तीही आपोआप या दाव्याच्या पोटात. असे दावे लिहिणाऱ्या वकिलांना मी दोष देत नाही. ते त्यांचं काम करतात. ते मंजूर करणाऱ्या परीक्षकाने मात्र विचारायला हवं की तू करून दाखवलंस किती आणि मागतोस किती.

अमेरिकेतच हा प्रश्न एकदा जोरात विचारला गेला. कार-टी उपचारात पेशीला प्रतिजन देत नाहीत, टी-पेशीला कर्करोग ओळखणारा नवा ग्राहक-रेणू देतात. पण पेटंटचा पेच तोच. स्लोन केटरिंगचं एक पेटंट जुनो या कंपनीकडे होतं, आणि काइट या कंपनीने त्याचा भंग केला म्हणून खटला झाला. दंडासह रक्कम सुमारे १२० कोटी डॉलरपर्यंत गेली. २६ ऑगस्ट २०२१ ला फेडरल सर्किट न्यायालयाने ती रक्कम शून्यावर आणली. कारण असं: दावा लक्ष्याला चिकटणाऱ्या कोणत्याही प्रतिपिंड-तुकड्याला कवेत घेत होता, आणि पेटंटात नमुने दिले होते दोन. लाखो शक्यता असताना दोन नमुन्यांवरून सगळ्यांची मालकी मिळत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल मला फार आवडतो. त्यात पेटंटविरोधी काही नाही. जेवढं शिकवलंस तेवढंच तुझं, एवढंच तो सांगतो.

आता भारतात येऊ. कलम ३(आय) असताना इथे या रीतींवर पेटंट मिळू शकतं का? मिळू शकतं, आणि मिळतंही. गोम प्रक्रियेच्या जागेत आहे.

प्रोव्हेन्ज या उपचाराचं उदाहरण घेऊ. सिअ‍ॅटलच्या डेन्ड्रिऑन कंपनीचा हा प्रोस्टेटच्या कर्करोगावरचा उपचार २९ एप्रिल २०१० ला अमेरिकेत मंजूर झाला. रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि कंपनीच्या कारखान्यात पाठवतात. तिथे प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाला जीएम-सीएसएफ हे संप्रेरकासारखं प्रथिन जोडून केलेल्या प्रतिजनासोबत त्या दीड-दोन दिवस ठेवतात. जीएम-सीएसएफमुळे पेशी तो माल स्वतःहून घेते. नंतर त्या परत येतात आणि त्याच माणसाच्या शिरेत जातात. असं तीनदा. तेव्हाची किंमत ९३,००० डॉलर. ५१२ रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान २१.७ महिन्यांवरून २५.८ वर गेलं, म्हणजे चार महिने मिळाले.

आता या साखळीत औषध कोणतं? प्रतिजन एकटा शिरेत दिला तर तो हा उपचार नव्हे. पेशी तर रुग्णाच्याच. उरते ती रीत, तीच औषध. जुन्या कायद्याने जगाचे दोन भाग केले होते: पदार्थ, ज्याची मालकी असू शकते, आणि डॉक्टरचं काम, ज्याची असू शकत नाही. इथे डॉक्टरचं काम शरीराबाहेर, दोन दिवस, परीक्षानळीत चालतं. अर्जदार हुशारीने तेवढाच भाग मागतो. ‘रुग्णावर उपचार करण्याची पद्धत’ असं तो लिहीत नाही. ‘पेशीत प्रतिजन घालण्याची प्रयोगशाळेतील पद्धत’ असं लिहितो. तिथे रुग्णच नाही, मग उपचार कसला? ३(आय) लागू होत नाही. कलम ३(जे) पुढे करून, म्हणजे पेशी हा प्राण्याचा भाग आहे असं म्हणून, आक्षेप घेता येतो. पण तो पेशीवर चालतो, प्रक्रियेवर तितका नाही. आणि एकदा प्रक्रियेचं पेटंट मिळालं की कलम ४८ प्रमाणे त्या प्रक्रियेतून थेट निघालेल्या वस्तूवरही हक्क येतो. म्हणजे त्या रीतीने तयार झालेल्या, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर.

युरोपने या पेचाकडे निदान पाहिलं तरी. युरोपियन पेटंट कराराचं कलम ५३(सी) उपचार-पद्धती वगळतं, आणि त्यांच्या कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत रक्ताचं उदाहरण दिलं आहे. रक्तपेढीत साठवण्यासाठी रक्तावर केलेली प्रक्रिया पेटंटयोग्य. डायलिसिसमध्ये रक्त शुद्ध होऊन त्याच शरीरात परत जातं, ती प्रक्रिया उपचार, म्हणून वगळलेली. प्रोव्हेन्जसारखा उपचार या दोन उदाहरणांच्या नेमका मध्ये पडतो. रक्त त्याच शरीरात परत जातं, पण मध्ये तीन दिवस आणि हजार मैल असतात. ही रेषा किती अंतरावर ओढायची हे मार्गदर्शिका सांगत नाही. ट्रिप्स कराराच्या कलम २७ ने तर प्रत्येक देशाला उपचार-पद्धती वगळण्याची पूर्ण मुभा दिली आहे. रेषा कुठे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपण अजून ठरवलेलं नाही.

यातून निघणारी विसंगती पाहा. अमेरिका उपचारावर पेटंट देते, पण बहुतेक डॉक्टरांना भरपाईतून सूट देते. भारत उपचारावर पेटंट देतच नाही, म्हणून डॉक्टरला सूट द्यायची गरज कायदा करणाऱ्यांना वाटली नाही. म्हणजे पेशींच्या बाबतीत आपल्याकडे कुंपण आहे, पण बाजूच्या फाटकाला कडी नाही. एखाद्या रुग्णालयाने आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच रुग्णाच्या पेशींत, कोणाच्या तरी पेटंट असलेल्या रीतीने प्रतिजन घातला, तर तो भंग आहे. कलम ४७ संशोधनाला, विद्यार्थ्यांना शिकवायला आणि सरकारच्या स्वतःच्या वापराला जागा ठेवतं. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयाला नाही, खासगीला तर नाहीच. आणि महापालिकेचं रुग्णालय यात कुठे बसतं, यावर दोन वकील तीन मतं देतील.

‘पेटंट नसेल तर पैसा कोण घालणार?’ हा प्रश्न अशा सभेत हमखास येतो. त्याला मी तत्त्वाने नाही, हकिगतीनेच उत्तर देतो. डेन्ड्रिऑनकडे पेटंटं भरपूर होती. प्रतिस्पर्ध्याने रीत चोरली म्हणून ती बुडाली नाही. प्रत्येक रुग्णासाठी वेगळं औषध, प्रत्येक पिशवीची मुदत तासांत मोजायची, कारखाने तीन, आणि आधी पैसे मोजून मग विम्याची वाट पाहायला डॉक्टर नाखूश. सुमारे ६२ कोटी डॉलरच्या रोख्यांचं ओझं घेऊन नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. व्हॅलिअंटने ती घेतली, नंतर ती चीनच्या सॅनपॉवरकडे गेली. गिल्बोआंच्या कामातून उभी राहिलेली अर्गोस कंपनीही मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत अपयश आल्यावर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. पेशी पिळण्याची रीत घेऊन २०१३ मध्ये निघालेल्या एसक्यूझेड बायोटेकची रोशशी भागीदारी झाली, २०२० मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. तीन वर्षांनी रोशने मुख्य उपचाराचा पर्याय सोडला आणि कंपनीची मालमत्ता, पेटंटांसकट, कॅनडाच्या स्टेमसेल टेक्नॉलॉजीजला सुमारे १.२ कोटी डॉलरला विकली गेली. मुंबईत एखाद्या टॉवरमधले दोन मजले त्याहून महाग पडावेत.

म्हणून पेटंटं निरुपयोगी असतात असं मी म्हणत नाही. म्हणतो एवढंच की या उपचारांमध्ये खर्च आणि अडचण दोन्ही कारखान्यात, स्वच्छ खोल्यांत आणि वाहतुकीत आहेत. आणि त्याबाबतचं खरं कौशल्य पेटंटच्या कागदावर फारसं उतरत नाही. पेशी कोणत्या तापमानाला किती वेळ टिकल्या, किती मेल्या, कोणत्या रुग्णाच्या पेशींनी माल घेतला नाही, हे कंपन्या गुप्त ठेवतात. आपल्या कायद्याचं कलम १०(४) अर्जदाराला स्वतःला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत उघड करायला सांगतं. या क्षेत्रातल्या अर्जांवर ही अट कडक लावली, तर पेटंट घेणाऱ्याला काही तरी खरंच शिकवावं लागेल.

महाराष्ट्राशी याचा संबंध आहे तो पवईतून आणि परळमधून. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाचं हे काम इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीमार्फत बाजारात आलं, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचं लोकार्पण केलं. परदेशातल्या किमतीच्या तुलनेत ते सुमारे एक दशांश किमतीत मिळतं. हे स्वस्त झालं ते पेटंट नाकारून नव्हे. सगळी साखळी, विषाणू-वाहकापासून पेशींच्या वाढीपर्यंत, इथेच उभी केल्यामुळे. डेंड्रायटिक पेशींच्या बाबतीतही सुरुवात झालेली आहे; गुरुग्रामच्या एका कंपनीच्या अशा उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय परवानगी मिळाली. उद्या टाटामध्ये, वेल्लोरमध्ये किंवा नागपूरच्या एखाद्या रुग्णालयात कोणी अरुंद वाटांची स्वतःची चिप कोरली, तर कोणत्या तरी जुन्या, ऐसपैस दाव्यात आपण सापडतो का, हे त्यांना आधी वकिलाला विचारावं लागेल. कर्करोगाच्या डॉक्टरचा वेळ यात जावा, असं मला वाटत नाही.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. ब्रिटनच्या पेटंट कायद्याच्या कलम ६०(५) मध्ये एक जुनी सूट आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरून, एका व्यक्तीसाठी, औषधाच्या दुकानात ऐनवेळी तयार केलेलं औषध हा पेटंटचा भंग नाही. खलबत्त्याच्या काळातली ही सूट युरोपात अनेक ठिकाणी आहे. त्या काळात कंपाउंडर एका रुग्णासाठी मिश्रण करत असे. आज पेशींची प्रयोगशाळा एका रुग्णासाठी पेशी तयार करते. त्या दोन कामांत कायद्याच्या दृष्टीने मला फरक दिसत नाही. कंपनी हजार रुग्णांसाठी करते तेव्हा तिच्याकडून रॉयल्टी घ्यावी, जरूर घ्यावी.

याला एक खरा आक्षेप आहे, आणि तो पेटंट-वकिलांकडून नाही, डॉक्टरांकडूनच येतो. मूलपेशींच्या नावाने देशभर निघालेले दवाखाने आपण पाहिले आहेत: गुडघ्याला पेशी, केसांना पेशी, मतिमंद मुलांना पेशी, आणि आईबापांच्या खिशातून लाखो रुपये. रुग्णालयांना सूट दिली की असल्या दवाखान्यांना ती पहिली मिळेल, असं ते म्हणतात. भीती रास्त आहे. पण तिच्यावर उपाय पेटंट हा नव्हे. पेटंट मालकाला असल्या दवाखान्यांशी देणंघेणं नसतं, त्याला देणंघेणं असतं नीट काम करणाऱ्या स्पर्धकाशी. उपाय औषध नियंत्रकाच्या परवानगीत आहे. स्टाइनमननी स्वतःवर केलेले प्रयोगही नियामकांच्या परवानगीनेच झाले होते, एकेका रुग्णासाठी लिहिलेल्या आराखड्याप्रमाणे. नोबेलच्या योग्यतेच्या माणसालाही तिथे चिठ्ठीवर काम करता आलं नाही.

तेव्हा मसुदा असा. कलम १०७अ मध्ये कोणती कृत्यं भंग मानू नयेत हे आधीच दोन उपकलमांत सांगितलं आहे. तिथे तिसरं घालावं: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी आदेशावरून, औषध नियंत्रकाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत, एका नाव असलेल्या रुग्णासाठी, त्याच्याच शरीरातून घेतलेल्या पेशींवर केलेली प्रक्रिया आणि तीतून तयार झालेल्या पेशींचा त्याच रुग्णावरचा वापर हा पेटंटचा भंग नाही. ‘नाव असलेल्या’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. ते गाळले तर साठा करणारे येतील. ‘त्याच्याच शरीरातून’ यावर मात्र वाद होईल, कारण उद्या दुसऱ्याच्या निरोगी पेशी घेऊन उपचार होतील आणि ते आधीच सुरू झालेले आहेत. त्या पेशी एकाच्या असतात आणि औषध अनेकांसाठी होतं. तिथे मी सूट मागत नाही. ज्यांना मागायची असेल, त्यांनी प्रश्नोत्तरांत बोलावं, वेळ अजून आहे.